फियाट ‘मूळ स्वरूपात’ म्हणजे नेमकी कशी?

पोस्ट मोठी आहे. एका जुन्या गाडीबद्दल आहे, आणि त्या निमित्ताने एका सरकारी व्याख्येबद्दल. सवडीने वाचा.

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी नियम काढले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं पूर्ण झालेली, धंद्यासाठी न वापरली जाणारी दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात जपलेली असावी, आणि तिच्यात कुठलंही मोठं ओव्हरहॉलिंग झालेलं नसावं.

हा नियम मी मौद्यात, घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये, मित्राला मोबाईलवरून वाचून दाखवला. समोर १९७३ ची फियाट जॅकवर उभी होती आणि मित्र तिच्याखाली झोपलेला. तो तिथूनच म्हणाला, "पन्नास वर्षांत इंजिन नाही खोललं? मंग ते गाडी चाललीच नसन बे. उभीच असन."

तो गंमत करत नव्हता. भारतातली मोटार कशी जगली, हे त्याला त्याच्या धंद्यामुळे माहीत आहे. नियम लिहिणाऱ्यांनी ते लक्षात घेतलं असेल, असं वाटत नाही. म्हणून हा इतिहास सांगतो.

१९२८ पासून जनरल मोटर्स मुंबईत शिवडीला गाड्या जोडत होती. भाग परदेशातून पेट्यांमधून यायचे, इथे नटबोल्ट आवळले जायचे. गाडी इथेच बनली पाहिजे असं म्हणणाऱ्यांत सर विश्वेश्वरय्या पुढे होते. १९३० च्या दशकात त्यांनी मोटार कारखान्याची योजना तयार केली. मुंबई प्रांताच्या बाळासाहेब खेर मंत्रिमंडळाने मदतीची तयारी दाखवली. पण १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि इंग्रज सरकारला अशा कारखान्यात रस नव्हता.

ते काम सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी उचललं. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली आणि कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. सुरुवात क्रायसलरच्या गाड्या जोडण्यापासून झाली, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५३ मध्ये वालचंद गेले. पुढच्याच वर्षी कुर्ल्याहून फियाट ११०० बाहेर पडू लागली. हीच आपली ‘डुक्कर फियाट’. गोलमटोल अंग आणि उलटे उघडणारे पुढचे दरवाजे. म्हाताऱ्या लोकांना विचारा, अजूनही डोळे चमकतात.

१९६४ मध्ये ११०० डी आली. हाच चौकोनी चेहरा आपण पुढची ३५ वर्षं पाहिला. फियाटचा परवाना संपल्यावर १९७२ च्या सुमारास तिचं नाव ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झालं आणि १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’. आमची गाडी १९७३ ची, म्हणजे कागदोपत्री ‘प्रेसिडेंट’. मौद्यात तिला कोणीही प्रेसिडेंट म्हणत नाही. फियाटच. इटलीत ११०० ची शेवटची आवृत्ती १९६९ मध्ये बंद पडली. कुर्ल्यात तीच गाडी २००० सालापर्यंत निघत होती.

एकच गाडी इतकी वर्षं कशी चालली? कारण ग्राहकाला दुसरा पर्यायच नव्हता. १९५३ च्या टॅरिफ कमिशननंतर सरकारने ठरवलं की इथे खरंच गाडी बनवायची तयारी असेल त्यालाच परवानगी. जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. १९६० च्या दशकात सामान्य ग्राहकासमोर तीनच गाड्या होत्या: कलकत्त्याची अँबेसेडर, मुंबईची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड. १९५९ च्या आदेशाने गाड्यांच्या वाटपावरही नियंत्रण आलं आणि १९६९ मध्ये सरकारने किमतीही ठरवून दिल्या. त्याविरुद्ध कंपन्या सुप्रीम कोर्टात गेल्या. लोक नंबर लावायचे आणि वर्षानुवर्षे थांबायचे.

लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना त्यांनी १९६४ मध्ये फियाट घेतली. गाडी सुमारे १२ हजारांची, त्यातले ५ हजार पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज. शास्त्रीजी गेल्यावर ललितादेवींनी पेन्शनमधून ते फेडलं, असं त्यांच्या कुटुंबीयांनी सांगितलेलं आहे. पंतप्रधानांच्या घरी ही स्थिती, तर मौद्यातल्या धानाच्या व्यापाऱ्याने किंवा नागपूरच्या डॉक्टरने एकदा घेतलेली गाडी सहजी टाकायची कशी? ती आयुष्यभर चालवायची आणि मग मुलाला द्यायची.

आणि चालवायची म्हणजे दर काही वर्षांनी उघडायची.

हे काम कसं होतं ते थोडं सांगतो, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावरच आहे. या इंजिनात चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, एकूण १०८९ सीसी. पिस्टन वर-खाली घासून सिलिंडर झिजतो. गाडी तेल खाते, मागून निळा धूर सोडते, चढावर दम टाकते. मग ब्लॉक लेथवाल्याकडे जातो. तो सिलिंडर थोडा मोठा कापतो, त्यात तेवढाच मोठा पिस्टन बसतो. याला बोअर करणं म्हणतात. हे पुन्हा पुन्हा करता येतं, पण भिंती पातळ होत जातात. मर्यादा आली की सिलिंडरमध्ये नवी स्लीव्ह ठोकायची आणि ती परत ६८ वर कापायची. म्हणजे इंजिन पुन्हा पहिल्या मापावर येतं, पण येतं ते ओव्हरहॉलिंगनेच.

आमची गाडी मौद्याजवळच्या एका राइस मिलच्या गोदामात १८ वर्षं उभी होती. इंजिन खोललं तेव्हा पिस्टनच्या डोक्यावर ४० चा आकडा निघाला. म्हणजे सिलिंडर आधीच जवळजवळ एक मिलिमीटर मोठा झालेला. आरसी बुक चाळलं, तर १९८६ च्या शिक्क्यासह इंजिन नंबर बदलल्याची नोंद. म्हणजे मूळ इंजिन गेलं, दुसरं आलं आणि ते दुसरंही पुढे कधीतरी बोअर झालं. आणखी एक नोंद रंग बदलल्याची. आम्ही त्या ब्लॉकमध्ये स्लीव्ह टाकून तो परत ६८ वर आणला.

बॉडीचंही तेच. फियाट ११०० ला खाली वेगळी लोखंडी चौकट नसते. पत्र्याची बॉडीच सगळा भार वाहते. त्यामुळे दरवाज्याखालचे पत्रे कुजले की नुसती शोभा जात नाही, गाडीचा कणाच जातो. आमच्या गाडीचे दोन्ही बाजूंचे पत्रे बोटाने टोचले तरी आत जात होते. मित्राने चाकं काढली, चार ठिकाणी टेकू दिले, दरवाजे बंद ठेवून माप घेतलं. बॉडी वाकली तर दरवाजा पुन्हा बसत नाही, म्हणून. मग पुठ्ठ्याचा साचा कापला. डावी बाजू थोडी शाबूत होती, तिचा साचा उलटा करून उजवीला वापरला. नवा पत्रा त्याने ऐरणीवर हाताने वळवला. नकाशा नाही, ड्रॉइंग नाही.

कुजका पत्रा कापताना आत जुनं ठिगळ सापडलं, पितळेच्या झाळेने बसवलेलं. मित्र बराच वेळ ते पाहत बसला. मग म्हणाला, "हे करनारा हात चांगला होता. घाईत होता, पन चांगला होता."

आता सांगा, या गाडीचं ‘मूळ स्वरूप’ कुठलं? कुर्ल्याच्या दारातून बाहेर पडली तेव्हाचं? ते १९८६ च्या आतच संपलं होतं, आणि तेही लपूनछपून नव्हे. इंजिन बदललं त्याची नोंद सरकारनेच शिक्का मारून केली. ज्या बदलाला कायद्याने तेव्हा मान्यता दिली, त्याच बदलामुळे आज ती वारसा ठरू शकत नाही.

या नियमाच्या कसोटीला उतरेल अशी गाडी कुठली, याचा विचार करा. जी फारशी चाललीच नाही ती. कुठल्यातरी संस्थानिकाच्या गॅरेजमध्ये पांघरूण घालून ठेवलेली, दसऱ्याला बाहेर निघणारी. तिचा इतिहास जपायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण जिने धानाचे नमुने वाहिले, बाळंतिणीला नागपूरला नेलं, लग्नाची वरात ओढली, ती गाडी झिजली म्हणून दुरुस्त झाली आणि दुरुस्त झाली म्हणून यादीतून गेली. आपल्याकडे मोटारीचा इतिहास म्हणजे बहुतांशी दुरुस्तीचा इतिहास आहे. दुरुस्ती वगळली तर राजेरजवाड्यांच्या गाड्या उरतात.

माझा मित्र नागपूर-भंडारा हायवेला वेल्डिंगचं दुकान चालवतो. दिवसभर ट्रॉल्या आणि नांगराचे फाळ, रात्री आमची फियाट. चौदाव्या वर्षी तो नागपुरात एका उस्तादांकडे लागला. पहिलं वर्ष चहा आणायचा आणि रॉकेलमध्ये पार्ट धुवायचा. दुसऱ्या वर्षी पान्हा हातात मिळाला. सर्टिफिकेट कधीच नाही. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून कुठला टॅपेट वाजतोय ते तो सांगतो. मी कंपनीच्या मॅन्युअलची झेरॉक्स मिळवली होती. मी इंग्रजी वाचून मराठीत सांगायचो, तो ऐकायचा. कधी म्हणायचा, "बरोबर." कधी म्हणायचा, "हे नव्या गाडीले चालते. हिले नाही."

त्या दोन शब्दांत, "हिले नाही", चाळीस वर्षांची विद्या आहे. पुस्तक नव्या गाडीचं माप सांगतं. झिजलेल्या, ठिगळ लावलेल्या, दुसऱ्याच इंजिनावर चालणाऱ्या गाडीचं माप कोणत्याही पुस्तकात नाही. ते उस्तादाकडून शागिर्दाकडे आलं आणि उस्ताद आता हयात नाहीत. मित्राच्या दुकानात शिकायला पोरगा नाही. पोरगा येईल तरी कशाला? आजची गाडी स्कॅनर लावल्याशिवाय बोलत नाही.

ही विद्या टिकवणारी दुसरी गोष्ट म्हणजे सुटे भाग, आणि त्याचा संबंध थेट मुंबईच्या टॅक्सीशी आहे. एके काळी मुंबईच्या रस्त्यांवर साठ हजारांच्या आसपास टॅक्सी होत्या आणि त्यात बहुतेक फियाट-पद्मिनीच. एवढ्या गाड्या रोज चालतात म्हटल्यावर ब्रेकची रबरं, किंगपिनचे बुश, पेट्रोल पंपाचे पडदे बनवणारे छोटे कारखाने जगायचे. त्यांचा माल नागपूरच्या दुकानात यायचा आणि तिथून आमच्यासारख्यांकडे. मग २० वर्षांची वयोमर्यादा आली आणि ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. त्या दिवशी सगळ्यांनी काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे फोटो टाकले, आठवणी लिहिल्या. मित्राने फोन करून एवढंच विचारलं, "व्हील सिलिंडरच्या किटा घेऊन ठेवल्या का?" चारही चाकांना ड्रम ब्रेक, प्रत्येकाला रबरी कप. नागपूरच्या दुकानदाराने फळीवरचे शेवटचे दोन डबे काढून दिले आणि सांगितलं, पुढचे येणार नाहीत.

पेट्रोलचाही विषय आहेच. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे उभ्या गाडीची टाकी आतून गंजते, आणि जुन्या पद्धतीचं रबर त्यात फुगून तडकतं. आम्ही टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची सगळी रबरी नळी बदलली, नव्या पेट्रोलला टिकेल अशी घातली. आता सांगा, हा बदल ‘मूळ स्वरूप’ बिघडवणारा की गाडी जिवंत ठेवणारा?

दुसरी बाजूही मांडायला हवी. जुनी गाडी धूर जास्त सोडते, हे खरं आहे. आमच्या फियाटला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, तेव्हा तो नव्हताच. सीट बेल्ट नव्हते, आम्ही बसवले. १३ ऑगस्ट २०२१ ला जाहीर झालेलं भंगार धोरण मुख्यतः जुनाट ट्रक-बससाठी होतं आणि त्याची गरज होती. त्या धोरणात खासगी गाडी केवळ वयामुळे भंगारात जात नाही. २० वर्षांनंतर फिटनेसमध्ये नापास झाली किंवा नोंदणीचं नूतनीकरण झालं नाही, तर जाते. हे तत्त्व योग्य आहे. दिल्लीत मात्र वयाचाच निकष लावला. १ जुलै २०२५ पासून जुन्या गाड्यांना पेट्रोल-डिझेल बंद केलं आणि लोकांचा संताप पाहून काही दिवसांतच ते थांबवावं लागलं.

राहिला पैशाचा प्रश्न. १५ वर्षांवरच्या खासगी कारच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५ हजार झाली. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारला १० हजार. दर पाच वर्षांनी. व्हिंटेज नोंदणीला एकदा २० हजार, दहा वर्षांची मुदत आणि ‘व्हीए’ अक्षरांचा खास नंबर. पण व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. आम्हाला रविवारी रामटेकला जायचं आहे, कन्हानचा पूल ओलांडून नागपूरला जायचं आहे. म्हणून आम्ही साध्या नूतनीकरणाचा अर्ज केला आहे. फी जड आहे, पण तक्रार फीची नाही. तक्रार व्याख्येची आहे.

याला उपाय नाही असं नाही. जर्मनीत १९९७ पासून ३० वर्षांवरच्या गाड्यांना ‘एच’ नंबरप्लेट मिळते. तज्ज्ञ गाडी तपासतो, ती त्या काळाशी सुसंगत आणि चांगल्या स्थितीत आहे का ते पाहतो. मग ती रोज चालवली तरी हरकत नाही. ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरच्या, मोठे फेरबदल न झालेल्या गाडीला वार्षिक तपासणीतून सूट आहे. पण तिथे ‘मोठा फेरबदल’ म्हणजे काय ते लिहून दिलेलं आहे. त्याच जातीचा पार्ट बसवला तर तो फेरबदल धरत नाहीत. चार सिलिंडरच्या जागी सहा सिलिंडरचं इंजिन टाकलं तर तो मुद्दा होतो. दुरुस्ती आणि फेरबदल यांत फरक करायचा, एवढं साधं तत्त्व.

आपल्याकडे दुरुस्तीच्या बाजूने काहीच झालं नाही असंही नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड ठोठावला, कारण त्या स्वतंत्र मिस्त्रींना सुटे भाग आणि तांत्रिक माहिती मिळू देत नव्हत्या. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण तत्त्व मांडलं गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. म्हणजे एका खात्याच्या मते दुरुस्ती हा हक्क आहे आणि दुसऱ्या खात्याच्या व्याख्येत ती अपात्रता आहे.

रस्ते वाहतूक खात्याचे मंत्री नितीन गडकरी नागपूरचे खासदार आहेत. मौदा त्यांच्या मतदारसंघात येत नाही, पण आमचं आरटीओ नागपूर ग्रामीणचं, एमएच-४० चं. म्हणून दारातल्या दारात मागण्या मांडतो.

एक, व्हिंटेजच्या व्याख्येत ‘ओव्हरहॉलिंग’चा अर्थ स्पष्ट करा. त्याच जातीच्या भागांनी केलेली दुरुस्ती, आणि आरसीवर रीतसर नोंदलेला इंजिनबदल, अपात्रतेत धरू नका.

दोन, व्हिंटेज आणि साधी नोंदणी यांच्या मध्ये एक वर्ग करा. वर्षाला ठरावीक किलोमीटरची मर्यादा घाला, ब्रेक आणि धुराची चाचणी कडक ठेवा, पण गाडीला रस्त्यावर येऊ द्या. उभी ठेवलेली गाडी टाकीपासून कुजायला लागते.

तीन, आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या अभ्यासक्रमाशेजारी अशा मिस्त्रींना मानधन देऊन शिकवायला बोलवा. त्यांच्याकडे प्रमाणपत्र मागू नका, त्यांचं काम पाहा.

आणि वाचणाऱ्यांकडे एक विनंती. घरात जुनं आरसी बुक असेल, गाडी कधीच विकली असेल तरीही, त्याच्या मागच्या पानांचे फोटो काढून ठेवा. मालक बदलला, रंग बदलला, इंजिन बदललं, सगळ्याच्या तारखा आणि शिक्के तिथे सापडतील. आणि गावात फियाट, अँबेसेडर, जुनी जीप उघडलेले मिस्त्री असतील तर त्यांना तासभर बोलतं करा, मोबाईलवर रेकॉर्ड करा. कुठला पार्ट कशाला बसवला, काय जुगाड केला, कोणाकडून शिकले, हे विचारा. ही मंडळी आता साठी-सत्तरीत आहेत. त्यांची नावं आणि गावं खाली लिहा, मी यादी करायला सुरुवात केली आहे.